जो सापडेल तो भोसेकर

भोसेकर कुठं राहतात असं मी नाथवडीत तिघांना विचारलं, आणि तिघांनीही आधी माझ्या नव्या कोऱ्या खादीच्या सदऱ्याकडे पाहिलं. एस.टी.च्या थांब्याजवळचा पानवाला म्हणाला, "कोण, बाइंडिंगवाले?" सायकलच्या दुकानातल्या माणसानं पंपावरचा हात न काढता विचारलं, "त्यांच्याकडं काय काम काढलंत?" देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं काठीनं एक बोळ दाखवला. ज्या माणसाच्या एका चिठ्ठीवर माझी नोकरी अवलंबून होती, त्याला त्याच्याच गावात 'बाइंडिंगवाले' म्हणतात, हे माझ्या काही पचनी पडेना. माझ्या समजुतीनं भोसेकर एव्हाना निदान तालुका कमिटीचे सेक्रेटरी तरी असायला हवे होते.

ही गोष्ट एकोणपन्नास सालच्या मे महिन्यातली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. स्वराज्य येऊन दोन वर्षं होत आली होती आणि नवं सरकार नव्या जागा भरत होतं. पुरवठा खात्यात कारकुनांच्या चार जागा निघाल्या. जाहिरातीत म्हटलं होतं की, स्वातंत्र्याच्या चळवळीत ज्यांनी झीज सोसली त्यांचा आधी विचार होईल. मात्र चळवळीतल्या माहीतगार माणसाची तशी शिफारस अर्जाबरोबर हवी. आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ती जाहिरात माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. आप्पा शिंपी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. सुईत दोरा ओवायला त्यांना माझी धाकटी बहीण लागायची, आणि गिऱ्हाइकं एकेक करून पेठेतल्या दुसऱ्या दुकानाकडे सरकली होती. घरात खाणारी तोंडं पाच, त्यांत दोन बहिणी लग्नाच्या. मी बार्शीला मामाकडे चार-पाच वर्षं मशीन मारून परत आलो होतो, पण मॅट्रिक झालेल्या पोरानं मशीन मारावं हे आप्पांच्या मनाला लागायचं. "सरकारी खुर्चीवर बस, मग मी डोळं मिटायला मोकळा," असं ते म्हणायचे. माझ्या अंगावरचा सदरा त्यांनी निव्वळ अंदाजानं शिवला होता. डावी बाही बोटभर लांब झाली होती, ती मी आत दुमडून घेतली होती.

आता झीज मी सोसली होती, हे खरं. बेचाळीसच्या सप्टेंबरात मला नऊ महिन्यांची सजा झाली आणि त्यांतले पाच महिने मी काढले. पण तुरुंगाच्या दप्तरात निवृत्ती केशव पतंगे हे नाव शोधूनही सापडायचं नाही. तिथं नाव आहे अनंत सखाराम भोसेकर.

हे डोकं आमच्या गटाचे म्होरके हरी मास्तर यांचं. भोसेकरांवर तारा तोडल्याचं वॉरंट होतं आणि चोरून निघणारी पत्रकं छापायचं यंत्र नीट चालवणारा आमच्याकडे तो एकच माणूस. पकडायला येणारे पोलीस बाहेरचे, त्यांना भोसेकरांचं तोंड ठाऊक नव्हतं. मास्तरांनी मला एकट्याला गाठून सांगितलं, "जो सापडेल तो भोसेकर." एकदा भोसेकर आत गेल्याची नोंद झाली की शोध थांबेल आणि यंत्र चालू राहील, असा त्यांचा कावा. आणखी कुणाकुणाला त्यांनी हे सांगितलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. असलं काही विचारायची आमच्यात पद्धतच नव्हती. मी भोसेकरांच्या बापाचं नाव, गल्ली, जन्मसाल पाढ्यासारखं पाठ केलं. दहाव्या दिवशी ओढ्याच्या पुलावर झेंड्यांच्या गाठोड्यासकट सापडलो. मी सतरा वर्षांचा, भोसेकर तेविसाचे. पण मला मिशी लवकर फुटली होती आणि फौजदाराला घाई होती. आप्पांनी गावात सांगितलं, पोरगं मामाकडं बार्शीला गेलंय. सुटल्यावर मी खरोखरच बार्शीला गेलो, त्यामुळे त्यांना खोटं बोलल्याचं पापसुद्धा लागलं नाही.

हरी मास्तर त्रेचाळीसमध्ये विषमज्वरानं गेले. म्हणजे आतला भोसेकर मी होतो, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस एकच उरला, तो म्हणजे खुद्द भोसेकर. म्हणून मी नाथवडीला आलो होतो.

बोळात शिरण्याआधी मी तालुका कमिटीच्या कचेरीत डोकावलो होतो. भिंतीवर एक लांबरुंद फळा होता. तालुक्यातून तुरुंगात गेलेल्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगानं ओळीनं लिहिली होती. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. भोसेकरांचं नाव त्यात नव्हतं. बाराव्या ओळीच्या जागी मात्र काळ्या रंगाचा पट्टा मारला होता. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "ते नाव काढलंय." कुणाचं, म्हणून विचारलं तर त्यानं पंख्याचं बटण दाबलं आणि पंखा चालत नाही म्हणून विजेच्या कंपनीला शिव्या द्यायला लागला.

मी बाहेर आलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भोसेकरांनी स्वतःच जाऊन सांगितलं असणार, की बाबांनो, मी तुरुंगात गेलोच नव्हतो, माझं नाव काढा. माणूस असावा तर असा. मग तर माझं काम अगदीच सोपं होतं. त्यांनी फक्त एवढंच लिहायचं, की माझ्या जागी हा गेला होता. मी खूश होऊन बोळात शिरलो.

दार उघडलं ते त्यांच्या बायकोनं. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कोपरापर्यंत हात खळीनं भरलेले. घरभर त्या खळीचा आंबूस वास, आणि जिथं जागा सापडेल तिथं पुस्तकांचे, वह्यांचे गठ्ठे. मी अनंतरावांच्या ओळखीचा, असं सांगितल्यावर तिनं दोनदा विचारलं, "ह्यांच्याकडंच आलात ना?" मग घाईघाईनं हात धुतले, मला गठ्ठा बाजूला करून बसायला जागा केली, आणि आत जाऊन डबे वाजवायला लागली. साखर तेव्हा रेशनवर. शेजारच्या घरातून ती पदराखाली वाटी घेऊन आली ते मी पाहिलं. चहाबरोबर तिनं शिराही केला. "ह्यांच्याकडं कुणी येतच नाही हो, भाऊजी," ती म्हणाली. "आमचं लग्न पंचेचाळीसचं. लग्नात सगळा तालुका होता."

मी म्हटलं, आता मीच येत जाईन. तोंड गोड असलं की माणूस काहीही बोलतो.

भोसेकर दुपारी आले, शाळेतली फाटकी हजेरीपत्रकं डोक्यावर घेऊन. सहा वर्षांत माणूस एवढा वाळतो, हे मला ठाऊक नव्हतं. गठ्ठा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कालच ठरल्यासारखं म्हणाले, "आलास. मला वाटलंच होतं येशील."

मला शरमल्यासारखं झालं. सत्तेचाळीसच्या दिवाळीत त्यांचं एक कार्ड मला बार्शीला आलं होतं. 'एकदा येऊन जा. थोडं काम आहे. घाई नाही.' तेव्हा लग्नसराई तोंडावर होती, मामाकडे चोळ्यांचे ढीग पडले होते, आणि घाई नाही असं त्यांनीच लिहिलं होतं. मी ते शब्दशः घेतलं. पुढं दुसरं कार्डही आलं. त्यात तर 'घाई नाही' एवढंच अधोरेखित होतं, त्यामुळे मी आणखीच निवांत झालो.

ते मला माळ्यावर घेऊन गेले. तिथं दोन माणसं बसतील एवढीच जागा होती, बाकी सगळी पुठ्ठ्याची चवड. मी त्यांना जाहिरात दाखवली, आप्पांचे डोळे, बहिणी, सगळं सांगितलं. मग मोठ्या कौतुकानं म्हटलं, "तुम्ही फळ्यावरचं नाव काढायला लावलंत, ते पाहिलं मी. एवढा खरेपणा कोण दाखवतो हल्ली?"

ते हसले. म्हणजे हसल्यासारखं काहीतरी केलं. "मी कुणाला काहीच सांगितलं नाही, निवृत्ती."

"मग ते कसं सापडलं त्यांना, की तुम्ही आत नव्हता?"

"तसं काही त्यांना सापडलेलं नाही. त्यांच्या मते मी आतच होतो."

मी पुरता गोंधळलो. मग फळ्यावर नाव का नाही, असं विचारलं, तर त्यांनी एका वहीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. टाइप केलेली नक्कल होती, खाली तुरुंगाचा शिक्का. मजकूर इंग्रजी. मी, अनंत सखाराम भोसेकर, माझ्या हातून जे झालं त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मी सरकारची बिनशर्त माफी मागतो. पुन्हा कसल्याही चळवळीत भाग घेणार नाही, असं लिहून देतो. तारीख अकरा फेब्रुवारी त्रेचाळीस.

अकरा फेब्रुवारीलाच मी सुटलो होतो.

मला ती खोली आठवली. जेलरसाहेबाच्या टेबलावर पितळेची घंटा होती आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. जेलरसाहेब आवाज मऊ करून म्हणाले होते, तुमच्या वडिलांची प्रकृती बरी नाही असं कळतंय, इथं सही करा आणि घरी जा. सखाराम भोसेकर तर तीस सालीच वारले होते. ती तारीखही मी पाठ केली होती. म्हणजे साहेब ठोकून देतोय, हे मला सरळ कळत होतं. तरी वडील म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आप्पाच आले. मी सही केली. सामान परत मिळाल्याची पावती असेल, असं मनाशी म्हटलं. आम्हाला सरसकट सोडताहेत, असंही म्हटलं. बराकीतले बाकीचे एकोणतीस जण आतच राहिले होते, ते मागं वळून पाहिलं नाही. मला इंग्रजी वाचता येत होतं. शाळेत इंग्रजीत शंभरांपैकी एकसष्ट गुण होते. मी तो कागद वाचला नाही.

"तुला ठाऊक होतं?" भोसेकरांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "मला नक्की सांगता येत नाही." दोन्ही उत्तरं खरी होती.

त्यांनी पुढं जे सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं. सत्तेचाळीसमध्ये यादी करायची म्हणून तुरुंगाची दप्तरं उघडली, त्यांत हा कागद निघाला. तोवर नव्या शाळेच्या हेडमास्तरकीसाठी त्यांचं नाव नक्की झालं होतं. ते गेलं. फळ्यावरची ओळ काळी झाली. सभेला बोलावणं बंद झालं. त्याच शाळेची फाटकी हजेरीपत्रकं ते आता घरी आणून बांधत होते.

"पण तुम्ही तर दीड वर्षं डोंगरात पत्रकं छापत होता," मी म्हणालो. "सांगायचं त्यांना, की आत मी नव्हतोच."

"सांगितलं असतं. मग त्यांनी विचारलं असतं, आत कोण होतं?"

हरी मास्तरांचा एक नियम होता, तो आम्हा सगळ्यांना लागू होता. आपल्याबद्दल काय सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण दुसऱ्याचं नाव त्यानं मोकळीक दिल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. पोलिसांपुढं नाही, घरच्यांपुढं नाही. मास्तर गेले, इंग्रज गेला, संस्थानं गेली. हा माणूस मात्र अजून तो नियम धरून बसला होता.

"म्हणून तर कार्ड टाकलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, तू येशील, बोलू आपण."

मला सगळं कळलं आणि काहीच सुधरेना. त्यांना माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. सांगा माझं नाव, एवढंच. ते त्यांनी तोंडानं मागितलं नाही. खाली बघून ते पुठ्ठ्याची कड अंगठ्यानं घासत राहिले. मी पण खाली बघत होतो. दुमडलेली बाही सुटून मनगटावर आली होती, ती मी पुन्हा आत घातली. जिन्याखाली वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या, आमच्याकडं पाहुणे आलेत, ह्यांचे चळवळीतले, असं काहीतरी. माझ्या मनात आलं, की आता म्हणावं. आणि लगेच मनात आलं, की मग नोकरीचं काय. माफी मागून सुटलेल्याला कोण घेतं? आप्पांना काय सांगू? आप्पा गावात तोंड कसं दाखवतील? एकात एक असे हे प्रश्न अडकत गेले आणि शेवटी तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मग माझ्या शिफारशीचं कसं करायचं?"

हे मी विचारलं. त्या घरात, तो कागद हातात धरून, मी हे विचारलं. आज ऐंशीच्या घरात आहे, पण त्या एका वाक्याची लाज अजून ओली आहे.

भोसेकरांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते मला समजावून सांगायला लागले. तुरुंगवासाबद्दल लिहिता येणार नाही. तुझा तुरुंगवास दाखवला, की मागोमाग माफी दिसणार आणि जागा जाणार. दुसरं लिहिता येईल. तू झेंडे पोचवलेस, कागदाची रिमं डोक्यावरून आणलीस, पत्रकं वाटलीस. हे तुरुंगाइतकं वजनदार नाही, पण खोटंही नाही.

"आणि पहिलं लिहायचं असलं तरी लिहीन," ते म्हणाले. "सगळं, जसं झालं तसं. तू म्हणशील ते लिहितो."

"तुम्हीच ठरवा, अनंतराव."

"नोकरी तुला हवीय, निवृत्ती. सांग."

मी म्हटलं, "दुसरंच लिहा."

त्यांनी माझ्यासमोर बसून पत्र लिहिलं. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. हा तरुण कष्टाळू, निर्मळ आणि विश्वासू आहे, कठीण काळात ह्यानं जोखीम पत्करली, असं त्यात होतं. निर्मळ ह्या शब्दाशी मी थोडा चाचरलो, पण खोडा म्हणायचं धाडस झालं नाही. सही करून त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की, माझ्या सहीनं फायदा होईल की तोटा, ते मला सांगता येत नाही. तिथली माणसं बघ आणि दाखवावंसं वाटलं तरच दाखव. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून वर उचललं.

"तू सतरा वर्षांचा होतास," ते म्हणाले. ते मला समजावत होते की स्वतःला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

वहिनी मला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या. मी म्हणत होतो, कशाला. पण त्यांना माझ्याशी काही बोलायचं होतं. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी पदर सावरला.

"भाऊजी, तुम्ही तेव्हाचे. एक विचारू? लोक म्हणतात ते खरं का? ह्यांना विचारलं की हसतात आणि कामाला लागतात. मी लग्न करून आले ती तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरात म्हणून. मला राग नाही हो त्यांचा. मागितली असेल माफी, जीव नकोसा झाला असेल. पण मला ठाऊक तरी असावं की नाही?"

त्यांच्या कोपराला अजून खळ लागली होती. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही, वहिनी. मी तेव्हा लहान होतो."

त्यांनी मान डोलावली. मी झपाझप चालत एस.टी. गाठली.

आठ दिवसांनी जिल्ह्याच्या गावी मुलाखत झाली. तीन जण बसले होते. दोन सरकारी, आणि मधे दाजीसाहेब मोहोळकर, चळवळीतले जुने, आता निवड समितीवर घेतलेले. बाहेर बाकावर बसलो असताना मी पत्र दाखवायचं की नाही ह्याचा दहा वेळा निर्णय केला आणि दहा वेळा फिरवला. दुसरी शिफारस जवळ नव्हती. शेवटी दाखवलं.

दाजीसाहेबांनी ते वाचलं, सही पाहिली, आणि कागद बोटाच्या टोकानं टेबलाच्या कडेला सारला.

"ह्या गृहस्थांनी माफी लिहून दिली होती. ठाऊक आहे?"

"तसं ऐकलंय," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांच्या जवळचे. त्यांच्यासाठी रिमं वाहिलीत, असं तेच लिहितात. खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल. बोला, मोकळेपणानं बोला."

मी बोललो नाही. काय बोलावं ते मी ठरवत होतो, असं मला सांगावंसं वाटतं. मी ठरवत होतोच. तीन माणसं माझ्याकडे पाहत होती आणि माझ्या जिभेवर 'ती सही माझी' आणि 'हो, त्यांनीच दिली' अशी दोन्ही वाक्यं आली होती. त्यांतलं एक जरी बाहेर पडलं असतं, तरी मी आज हे लिहायला बसलो नसतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भिंतीवर घड्याळ होतं, पण मी दाजीसाहेबांच्या चष्म्याकडे बघत होतो.

मग दाजीसाहेबांनीच चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"राहू द्या," ते म्हणाले. बाजूच्या दोघांकडे वळून त्यांनी समजावलं, की आमच्या लोकांत एक शिस्त होती. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही, मग तो कसाही निघो. हा मुलगा नोकरी पणाला लावून बसलाय, पण त्याच्याविरुद्ध एक शब्द काढत नाही. अशी माणसं आता राहिली नाहीत. "ज्यानं चळवळीत ओढलं तो माफी मागून मोकळा झाला, आणि ज्याला ओढलं तो अजून शिस्त पाळतोय. लिहून घ्या, ह्या पतंगेंना घ्यायचं."

शिफारशीचं पत्र त्यांनी मला परत दिलं. फाइलला लावू नका, म्हणाले, पुढं कधी तुम्हालाच अडचण होईल.

मी बाहेर आलो. आनंद झाला होता, हे कबूल करतो. आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, बहिणींची लग्नं, सगळं एका दमात नजरेसमोर आलं, आणि हे सगळं पुढं झालंही. पण पाय मात्र कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडत होते. मला मिळालेली शाबासकी कुणाची, मिळालेली नोकरी कुणाची, ह्याचा काही मेळ बसेना.

परतीची एस.टी. नाथवडीला पाव तास थांबायची. मी खिडकीत अंग चोरून बसलो होतो. उतरून बोळात जावं आणि ते एक वाक्य बोलून यावं, असं एकीकडे वाटत होतं. आता नेमणूक झाली, आता बोलायला काय हरकत, असंही वाटत होतं. आणि हुकूम हातात येईपर्यंत थांबावं, असंही. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. वहिनी होत्या. डोक्यावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा, माल आणायला आल्या असतील.

"भाऊजी, झालं का काम?"

मी म्हटलं, "झालं, वहिनी."

"ह्यांच्या पत्रानं झालं?"

गठ्ठ्याखालून मान वर करून त्या माझ्याकडे पाहत होत्या. असं कुणी माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मी म्हटलं, "हो वहिनी. त्यांच्याच पत्रानं झालं."

त्या म्हणाल्या, "बघा. मी म्हणतच होते, त्यांच्या शब्दाला अजून किंमत आहे म्हणून. थांबा, आत्ता जाऊन सांगते त्यांना." आणि डोक्यावरचा गठ्ठा एका हातानं धरून त्या जवळजवळ पळतच बोळाकडे निघाल्या.

भोसेकरांना ते खरं वाटणार नव्हतं. कुठल्या समितीत आपली सही कशी वाचली जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांनी होकार दिला असेल, आणि कामाला लागले असतील. कंडक्टरनं घंटा मारली. उतरायचं असेल तर उतरा, असं तो दारातल्या कुणाला तरी म्हणाला, आणि मी जागचा हललो नाही.